घाटनांदूरची काच

बीडहून परत आल्यावर जो भेटेल तो विचारतो, "बीडला? तिथे काय बघण्यासारखं आहे?" मी सांगते, काचा बघायला गेले होते. मग समोरचा विषय बदलतो. म्हणून म्हटलं, सगळं सविस्तर लिहूनच काढावं.

मी पेशी तपासणारी डॉक्टर. माझ्यापुढे पेशंट क्वचितच येतो, येते ती त्याची काच. गर्भाशयाच्या तोंडाशी ब्रश हलकेच फिरवून निघालेल्या पेशी काचेवर पसरतात, रंगवतात, आणि मी त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघते. पेशी बिघडायला लागल्या की कॅन्सर होण्याच्या कितीतरी वर्षं आधी त्या काचेवर दिसतात. नाशिकच्या एका दवाखान्यात हेच करत मी निवृत्त झाले. लग्न केलं नाही. थोरल्या बहिणीबरोबर राहायचे, ती गेल्या वर्षी गेली. त्यानंतर घरात कुकरची शिट्टीसुद्धा मोठी वाटायला लागली. तेवढ्यात एका संस्थेचा फोन आला: बीड जिल्ह्यात बायकांची तपासणी करतोय, येता का? किती दिवस, हेसुद्धा विचारलं नाही. हो म्हणून टाकलं.

काम असं होतं. हल्ली एक यंत्र निघालंय. ते अख्ख्या काचेचे बारीक बारीक फोटो काढून एकत्र जोडतं, मग जगात कुठेही बसून कोणीही ती काच पडद्यावर वाचू शकतं. पण पडद्यावर वाचलेलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली वाचलेलं एकच निघतं का, हे संस्थेला बघायचं होतं. प्रत्येक काच दोनदा वाचायची: मी इथे भिंगाखाली, आणि डॉक्टर नंदिनी तिकडे नागपुरात पडद्यावर. दोघींनी आपापलं मत नोंदवेपर्यंत एकमेकींशी त्या काचेबद्दल एक अक्षर बोलायचं नाही.

थोडक्यात, माझ्यासारख्या बाईला इथवर आणायची गरज आहे का, हा प्रश्न होता. उत्तर 'नाही' आलं तर जिल्ह्याचं भलंच होणार होतं. पण ते उत्तर शोधायला मलाच बोलावलंय, हे नगरच्या पुढे एसटीच्या खिडकीशी बसल्यावर जरा बोचलं.

चौसाळा

पहिलं शिबिर चौसाळ्याला. हमरस्त्यावरचं गाव, दिवसभर ट्रकांची घरघर. बीडहून आम्हाला नेणारे शफीकभाई मूळचे इथलेच. त्यांच्या भावाची फळांची गाडी रस्त्याकडेला होती. गावाच्या अलीकडेच टायर पंक्चर झालं, आणि ते चाक बदलेपर्यंत मी आणि सुईणीपासून सल्लागारापर्यंत सगळी कामं करणाऱ्या आमच्या रुक्मिणसिस्टर बांधावर उभ्या राहिलो. शेजारच्या शेतात हुरडा भाजत होते. ओळख ना पाळख, एका म्हाताऱ्याने कागदावर गरम हुरडा आणि शेंगदाण्याची चटणी आणून दिली.

"कोणाच्या तुमी?" त्याने मला विचारलं.

नाशिकमध्ये असं कोणी विचारत नाही. आमच्या इमारतीत तर समोरच्या दारावरची पाटी बदलली तेव्हा मला कळलं की माणसं बदलली. मी म्हटलं, "कोणाची नाही, बाबा. डॉक्टर आहे."

"असं कसं? कोणाचं तरी असतंय की माणूस," तो म्हणाला आणि आणखी मूठभर हुरडा कागदावर टाकला.

शिबिरात बायका बऱ्याच आल्या. पण रांगेतल्या कितीतरी जणी रुक्मिणसिस्टरांना सांगत होत्या, "आमची पिशवी कवाच काढली. मग आमचं काय तपासता?" त्यात एक तर पस्तिशीची असेल. अंगावरून जातंय, पोटात दुखतंय, एवढ्या कारणावर गर्भाशयाची पिशवीच काढून टाकलेली. कोणी आधी काही तपासलं होतं का, विचारलं, तर ती नुसती हसली. सिस्टर त्यांना रक्तदाब बघायला पलीकडे पाठवत होत्या. मी उभी हयात काचा बघितल्या. जिची काच कधी झालीच नाही अशा बायका मी पहिल्यांदाच बघत होते.

दुपारी शफीकभाईंच्या वहिनीने धपाटे आणि दही पाठवलं. मी ते गाडीत बसून एकटीने खाल्लं. सगळ्या बायका झाडाखाली घोळक्याने जेवत होत्या. मलाही बोलावलं होतं. पण त्यांच्या बोलण्यातली माणसं मला माहीत नव्हती, आणि माझ्याजवळ सांगायला माणसं नव्हती.

घाटनांदूर

घाटनांदूरच्या शिबिरात विमल सगळ्यांत शेवटी आली. खरं नाव वेगळं आहे, इथे विमल म्हणते. चाळिशी ओलांडलेली, सडपातळ, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली. ती काढायला विसरली होती. तपासणी झाल्यावर सिस्टरांनी फोन नंबर विचारला.

"फोन भावाचा हाय. त्याच्यावर करू नका."

"मग कळवायचं कसं?"

ती घुटमळली. नवऱ्याने टाकल्यापासून ती भाऊ-भावजयीकडे राहत होती. इथे आल्याचं घरी ठाऊक नव्हतं. असल्या तपासणीला एकटी बाई कशाला जाते, असं गावात कोणी बोललं तर? शेवटी म्हणाली, "मी ब्लाऊज शिवते. स्टेशनाच्या वाटंला आमचं घर हाय, दारात पाटी हाय. काही निघालं तर ब्लाऊज शिवायला या. न्हाई निघालं तर येऊ नका."

सिस्टर हसल्या. मीही हसले. विमल हसली नाही. मोजपट्टी गुंडाळून पिशवीत टाकून ती निघून गेली.

माजलगाव

काचा वाचायचं काम माजलगावला होतं. दोन खोल्या दिल्या होत्या. एकीत यंत्र, एकीत मी. राहायची सोय धरणाजवळच्या एका विश्रामगृहात. माजलगाव हिरवंगार, चौफेर ऊस. कारखान्याचा गोडसर करपट वास दिवसभर हवेत, आणि रस्त्याने उसाच्या बैलगाड्या डुलत चाललेल्या.

सकाळी मी भिंगाला डोळा लावायचे ते दुपारपर्यंत. सूक्ष्मदर्शक ही फार एकट्याची गोष्ट आहे. तुम्हाला जे दिसतं ते त्या क्षणी दुसऱ्या कोणालाच दिसत नसतं. गुलाबी आणि निळसर हिरव्या पेशींचं आभाळ डाव्या हाताखालून सरकत राहतं, उजवा हात भिंगाची बारीक चकती फिरवत नजर वरच्या थरातून खालच्या थरात नेत राहतो. पलीकडच्या खोलीत यंत्र घूंऽ करत एकेक काच गिळायचं आणि फोटो नागपूरला पाठवायचं. त्याला कंटाळा नाही, मान दुखत नाही. वीज मात्र लागते. वीज गेली की अर्धी काढलेली काच पहिल्यापासून. अशा वेळी मी खिडकीपाशी सरकून आरशाने उजेड घेऊन वाचत बसायचे आणि मनातल्या मनात एक गुण स्वतःला द्यायचे. पोरकटपणाच, पण बोलायला कोणी नसलं की माणूस यंत्राशीसुद्धा स्पर्धा लावतो.

संध्याकाळी धरणाच्या भिंतीकडे फिरायला जायचे. सिंदफणा नदीचं पाणी एवढं पसरलेलं की पलीकडचा काठ पुसट दिसायचा. तिथे जोडपी यायची, कॉलेजच्या मुली यायच्या, एकमेकींचे फोटो काढायच्या. एकदा एकीने माझ्या हातात फोन देऊन म्हटलं, "काकू, आमचा सगळ्यांचा काढता का?" मी काढला. त्या फोटो बघत बघत निघून गेल्या. खानावळीत येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची, आमटी आणि भाकरी मिळायची. पहिल्या दिवशी आमटी इतकी तिखट लागली की डोळ्यांतून पाणी आलं. चार दिवसांनी तीच आवडायला लागली. ताईला आवडली असती, हे कोणाला सांगावं ते कळेना. वाढणाऱ्याला म्हटलं, "आमटी छान आहे." तो म्हणाला, "आणखी घ्या की."

मग विमलची काच आली.

काचेच्या एका कडेला पेशींचा दाट पुंजका होता, एकावर एक चढलेल्या. वरवर बघितलं तर नुसता काळा डाग. मी चकती हळूहळू फिरवली. वरचा थर धूसर झाला, खालचा स्पष्ट झाला, आणि त्यात ती केंद्रकं दिसली: मोठी, गडद, वेडीवाकडी, कडा कुरतडल्यासारख्या. अजून कॅन्सर नव्हता. पण वाट तीच होती, आणि बरीच चालून झालेली होती. मी तसं नोंदवलं.

नागपूरचं मत आलं: 'पुंजका अस्पष्ट, सांगता येत नाही. बाकी काच ठीक.'

आता बोलायला परवानगी होती. मी नंदिनीला फोन लावला. आवाजावरून तिशीतली वाटली.

"मॅडम, मला तिथे फक्त डाग दिसतो," ती म्हणाली. "यंत्राने एकाच पातळीवर फोटो काढलाय. मी खाली उतरूच शकत नाही."

मी व्हिडिओ चालू करून मोबाइलचा कॅमेरा भिंगाच्या डोळ्यावर टेकवला आणि दुसऱ्या हाताने चकती फिरवत राहिले. चित्र हलत होतं. पलीकडे ती बघत होती. मग म्हणाली, "थांबा. मागे या. इथे... हो. दिसलं मला, मॅडम. दिसलं."

कितीतरी महिन्यांनी मी बघितलेलं कोणीतरी माझ्याबरोबर बघितलं होतं. जे बघितलं ते वाईट होतं, तरी मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. मग त्याची लाज वाटली आणि मी रुक्मिणसिस्टरांना हाक मारली. "ब्लाऊज शिवायला जायचंय."

पुन्हा घाटनांदूर

सिरसाळा, परळी करत शफीकभाईंनी आम्हाला नेलं. माजलगावात ब्लाऊजचं कापड घेतलं होतं, जांभळं. दारात पाटी होती. ओट्यावर विमलची भावजय, शोभा, ज्वारी निवडत बसली होती. विमलने आम्हाला बघितलं आणि तिच्या हातातली कात्री तशीच राहिली.

"माप द्यायचंय," सिस्टर म्हणाल्या. "मॅडमचं."

शिलाई मशीन आतल्या खोलीत होतं. सिस्टर ओट्यावर शोभाशी बोलत बसल्या, मी आत गेले. विमलने पट्टी माझ्या पाठीमागून घेतली, खांद्यावर टेकवली. तिची बोटं गार होती. ताई गेल्यापासून कोणी मला असं धरलं नव्हतं, डॉक्टरसुद्धा नाही.

"निघालं ना?" तिनेच विचारलं, पट्टीवरचा आकडा बघत.

"निघालं. पण कॅन्सर नाही. त्याच्या आधीचं आहे."

तिने दंडाचं माप घेतलं. "म्हंजी पिशवी काढणार."

"नाही."

"सगळ्यांची काढत्यात, मॅडम. वहिनीची काढली, शेजारणीची काढली. काढली की काम होत न्हाई. मग मला ठिवील का भाऊ? मशीन पायाचं हाय माझं."

मी लॅपटॉप उघडला. यंत्राने काढलेला तिच्याच काचेचा फोटो त्यात होता, आणि मी मोबाइलने भिंगावरून घेतलेलं चित्रही. आधी तिला चांगल्या पेशी दाखवल्या. ती वाकून बघत राहिली.

"ह्ये माझं हाय?"

"तुझंच."

"लई नाजूक हाय की. जॉर्जेटवानी."

मग मी पुंजका दाखवला. तिने बोट पडद्याच्या अगदी जवळ नेलं, पण लावलं नाही. मी सांगितलं की बिघाड एवढ्याच जागेत असेल तर तेवढाच भाग काढतात, बोटाच्या पेरापेक्षा लहान. पिशवी जागच्या जागी राहते. त्याआधी एकदा दुर्बिणीतून बघून तुकडा तपासायला हवा, अंबाजोगाईला.

भिंगातली काच मी तिला कधीच दाखवू शकले नसते, हे तिथे बसल्यावर लक्षात आलं. इतकी वर्षं बायकांचं मी बघितलं आणि त्यांना कागदावर दोन ओळी दिल्या. यंत्राला खाली उतरता येत नव्हतं, पण ते काच विमलच्या घरापर्यंत घेऊन आलं होतं.

तेवढ्यात दारात शोभा चहा घेऊन उभी राहिली. तिने लॅपटॉप बघितला, विमलचा चेहरा बघितला. मी घाईने झाकण लावलं.

"फॅशनचे गळे दाखवत होते," मी म्हटलं. खोटं मला जमत नाही.

"हां," शोभा म्हणाली आणि चहा ठेवून गेली.

निघताना विमल हळूच म्हणाली, "मंगळवारी येते. अंबाजोगाईला बाजाराला चालले म्हून सांगते."

अंबाजोगाई

मंगळवारी सकाळी मी अंबाजोगाईच्या बसस्थानकावर उभी होते. सिस्टर शिबिरात अडकल्या होत्या, म्हणून एकटीच. ती येणार नाही असंच वाटत होतं. घाटनांदूरची गाडी आली, विमल उतरली. तिच्या मागून शोभा उतरली.

शोभा सरळ माझ्याकडे चालत आली.

"नाशिकची बाई ब्लाऊज शिवायला घाटनांदूरला कावून येईल, मॅडम? नाशिकला शिंपी न्हाईत?"

विमल खाली बघत होती. "मी सांगितलं न्हाई. तिनंच वळखलं."

"मला सांगायला काय झालतं हिला? मी काय खाऊन टाकते?" शोभाचा आवाज एकदम भरून आला, मग पुन्हा कडक झाला. "मॅडम, मी पंचविशीत पिशवी काढली. दुखत होतं, डॉक्टर म्हणला काढा, घरचे म्हणले काढा. काढली. आजून कंबर धरून उठते. माझं कोणी काचंवर बघितलं न्हाई. हिचं बघितलं ना तुमी? मग मला सांगा. हिचं नेमकं काय काढणार हायत?"

मी बसस्थानकाच्या बाकावरच लॅपटॉप उघडला. घरी विमलने बघितलं होतं ते आता दोघींनी बघितलं. शोभाने पुंजक्याकडे बघून विचारलं, "एवढंच?" मी म्हटलं, "आज तपासल्यावर नक्की सांगता येईल, पण मला वाटतं, एवढंच." ती उठली. "चला मग. नंबर लागायचा."

दवाखान्यात मोठी रांग होती. विमलला आत घेतलं तेव्हा तिच्याबरोबर शोभा गेली. मी बाहेर बाकावर पिशव्या सांभाळत बसले. दोघी परतल्या तेव्हा विमल पांढरीफटक पडली होती आणि शोभा तिला रागावत होती, "सकाळी खाऊन निघ म्हणलं होतं." आम्ही बाहेर पोहे खाल्ले. त्या दोघी घरातलं बोलत होत्या: भावाला कधी सांगायचं, कसं सांगायचं, कोणी सांगायचं. मधेच शोभाने आपल्या ताटलीतले पोहे न विचारता विमलच्या ताटलीत लोटले. मी चहा पीत ऐकत होते.

गाडी आली. दोघी एका बाकावर जागा मिळवून बसल्या. मी खिडकीखाली उभी राहिले. विमल म्हणाली, "मॅडम, तुमी जावा आता. ऊन लई हाय."

तुकड्याचा अहवाल माझं काम संपायच्या आत आला. मी वाचलं होतं तेच निघालं. लहानशी शस्त्रक्रिया पुरणार होती.

परत

शेवटच्या दिवशी माजलगावच्या खोलीत सगळ्या काचांची दोन्ही मतं समोरासमोर ठेवली. नंदिनी फोनवर होती. बहुतेक काचांवर आमचं एकमत होतं. विमलची काच यंत्राला कळली नव्हती. पण आणखी एक काच होती, माजलगावच्याच एका बाईची. मी तिला 'ठीक' म्हटलं होतं. नंदिनीने पडद्यावर कोपऱ्यात सुट्या पडलेल्या चार-पाच वाईट पेशी हेरल्या होत्या. मी काच पुन्हा भिंगाखाली घेतली. होत्या. माझ्या डोळ्यांखालून त्या सरकून गेल्या होत्या. त्या बाईलाही बोलावून घेतलं, तिची वाट अजून फार चाललेली नव्हती.

"मॅडम, तुम्ही दमला असाल," नंदिनी म्हणाली.

"असेनही. पण माझा थकवा जाईपर्यंत त्या पेशी थोड्याच थांबल्या असत्या?"

आम्ही दोघींनी मिळून लिहिलं: यंत्राने दाट पुंजक्यांचे फोटो वेगवेगळ्या पातळ्यांवर काढावेत. तसं केलं तर काचा दुरून वाचायला हरकत नाही. म्हणजे पुढच्या खेपेला मला कोणी बोलावणार नाही. सही करताना हात अडला नाही. खोलीला कुलूप लावताना मात्र जरा वेळ लागला.

नाशिकला घर जसं ठेवलं होतं तसंच होतं. एका सकाळी भांडी घासत असताना अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मॅडम, विमल बोलते. आज हाय ऑपरेशन. अंबाजोगाईलाच. भावाला सांगितलं. वहिनीनंच सांगितलं."

"भीती वाटते का?"

"जरा वाटते. वहिनी हाय संगं." मागून शोभाचा आवाज आला, "ठिव आता फोन, नाव पुकारलं तुजं! चप्पल काढ, इकडं काढ!" आणि फोन बंद झाला.

पुढे काही दिवसांनी, अशीच भांडी घासत असताना, रुक्मिणसिस्टरांनी फोन करून कळवलं. काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ होत्या, म्हणजे बिघडलेलं सगळं निघालं होतं. पिशवी जागच्या जागी. विमल मशीनवर बसायला लागली होती.

"बरं झालं," मी मोठ्याने म्हणाले. सिस्टरांचा फोन तोवर बंद झाला होता. घरात ऐकणारं कोणी नव्हतं. मी ओले हात पुसले आणि नागपूरला फोन लावला. आता कोणत्याही काचेबद्दल बोलायचं नव्हतं, परवानगीही लागत नव्हती.

"नंदिनी, मी बोलतेय. वेळ आहे का तुला?"

"थांबा हं, मॅडम," ती म्हणाली, "पडदा बंद करते." मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "हां. सांगा."